सनचोक: झाड दहा फूट, कंद बोराएवढे, आणि उपटलं तरी पुन्हा हजर

उन्हाळा संपत आला की सनचोकबद्दल (म्हणजे जेरुसलेम आर्टिचोक, ज्याचे जमिनीखालचे कंद भाजी करून खातात) दरवर्षी त्याच तक्रारी ऐकू येतात. झाड कुंपणाच्या वर गेलं, पिवळी फुलंही आली, पण खणून पाहिलं तर खाली बोराएवढे कंद. दुसरी अशी की गेल्या वर्षी सगळं खणून काढलं होतं, तरी यंदा मेथीच्या वाफ्यात तेच उगवलं. आणि तिसरी जरा दबक्या आवाजात सांगितली जाते: भाजी चवीला छान झाली, पण रात्रभर पोटानं झोपू दिलं नाही.

तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. महिना चुकलेला असतो. कामं बरोबर असतात. पण छाटणी सप्टेंबरात होते, खणणं ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतं, उपटणं एप्रिलमध्ये होतं आणि पहिली भाजी नोव्हेंबरात वाटी भरून खाल्ली जाते. सनचोक कंद देतं म्हणून आपण त्याला बटाट्याच्या वेळापत्रकात बसवतो. ते सूर्यफुलाच्या कुळातलं बहुवर्षायू झाड आहे, हेलिअँथस ट्युबरोसस. त्याचं वर्ष वेगळं चालतं.

मी लिहितोय ते मध्य न्यू जर्सीतल्या बॅकयार्डवरून. आमच्याकडे शेवटचं दव एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला गोठतं आणि पहिला फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे केव्हाही येतो. मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, टोरांटोकडच्या मंडळींनी तारखा एक-दोन आठवडे मागेपुढे कराव्यात, क्रम तोच राहतो.

कंद भरत का नाहीत

आधी झाड काय करतं ते पाहू, म्हणजे पुढची अर्धी उत्तरं आपोआप मिळतात. मे, जून, जुलै हे तीन महिने ते फक्त वर जातं. पानांनी केलेलं अन्न या काळात मुख्यतः खोडात साठतं. जमिनीखाली पांढऱ्या बारीक दांड्या आडव्या धावत असतात, पण त्यांच्या टोकाला फुगवटा जवळजवळ नसतो. दिवस लहान होऊ लागले की टोकं फुगायला लागतात. आमच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा असतो आणि ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात साडेतेराच्या खाली येतो. मग फुलं येतात, आणि फुलं आल्यावर खोडातला साठा खाली उतरू लागतो. म्हणजे कंदाचं खरं वजन सप्टेंबर-ऑक्टोबरात वाढतं, झाड वरून थकलेलं आणि विस्कटलेलं दिसत असताना.

नेमकं याच वेळी आपला हात कात्रीकडे जातो. फुलं गळली, खालची पानं काळवंडली, खोडं शेजाऱ्याच्या बाजूला झुकली, तर चला, आवरून टाकू. त्या हिरव्या खोडातून कंदाकडे निघालेलं अन्न आपण कापून कचऱ्यात टाकतो. हळद लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाला वाळल्याशिवाय तो काढणीचं नाव काढत नाही. इथंही तोच नियम. फ्रॉस्टनं पानं मरू द्यात, त्यानंतरही दोन-तीन आठवडे खोडं तशीच उभी राहू द्यात. खोड तपकिरी झालं, वाकवलं की कडकन मोडतं, अशी वेळ आली की जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. ती वीतभर खुंटं मुद्दाम ठेवायची, कारण जानेवारीत बर्फाखाली कंद कुठं आहेत हे त्यांच्यावरूनच कळतं.

वेळ बरोबर पाळूनही कंद लहान निघत असतील, तर दाटी पाहा. पहिल्या वर्षी तुम्ही पाच कंद नीट अंतरावर लावले. काढताना काही राहिले, ते पुढच्या वसंतात उगवले. त्यातलेही काही राहिले. तिसऱ्या वर्षी त्याच जागी हातभर अंतरात आठ-दहा खोडं असतात. वरून पाहिलं तर झकास हिरवी भिंत, खाली मात्र सगळ्यांचे वाटे लहान. मेच्या मध्यात कोंब वीतभर झाले की निष्ठुरपणे विरळणी करा. दोन खोडांमध्ये दीड ते दोन फूट, दोन ओळींमध्ये तीन फूट. उपटायला जीव होत नाही हे मान्य, पण या एका कामानं जितका फरक पडतो तितका कुठल्याही खतानं पडत नाही.

खताचा विषय निघालाच आहे तर: नत्र कमी करा. लॉनला टाकायचं खत वाफ्यात उडून पडतं, किंवा कोंबडीखत उदारपणे घातलं जातं, आणि झाड पानांच्या मागे लागतं. लावणीच्या वेळी कुजलेलं कंपोस्ट दोन बोटं जाडीचं पसरलं की सनचोकचं भागतं. पाण्याचं मात्र उलटं आहे. झाड दणकट म्हणून पाणी तोडलं जातं. जूनमध्ये ते चालूनही जातं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, कंद भरत असताना पाऊस नसेल, तर आठवड्याला इंचभर पाणी द्यायलाच हवं. उन्हाचंही बघून घ्या. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळणाऱ्या जागी झाड उंच होतं, फुलतं आणि कंदाच्या वेळी हात आखडतं.

सप्टेंबरात वादळांचे अवशेष किनाऱ्याकडून येतात तेव्हा दहा फुटी खोडं आडवी होतात, मुळं हलतात आणि भरण्याचं काम अर्ध्यावर थांबतं. यावर दोन उपाय आहेत. झाड दीड फूट झालं की बुंध्याला पाच-सहा इंच मातीची भर द्या. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेंडे छाटून झाड चार-पाच फुटांवर आणा. ही छाटणी चालते, कारण तेव्हा कंद सुरूच झालेले नसतात. फुटवे फुटून झाड पुन्हा भरतं. ऑगस्टनंतर छाटू नका. फुलं खुडली की कंद मोठे होतात असंही सांगितलं जातं. मी खुडत नाही. सप्टेंबरअखेर मधमाश्यांना बागेत फारसं काही उरलेलं नसतं आणि त्या या फुलांवर दिवसभर असतात. त्या बदल्यात मिळणारे चार तोळे मला नकोत.

शेवटी बेणं. भाजीच्या दुकानातून आणलेला कंद लावला तरी उगवतो, पण तो कुठल्या जातीचा, किती उशिरा तयार होणारा, हे कळत नाही. उशिरा तयार होणारी जात, जिथं फ्रॉस्ट लवकर येतो तिथं भरण्याआधीच मरते. थंड भागात ‘स्टँपीड’ घ्या, ती लवकर फुलते आणि लवकर भरते. सोलताना वैताग येत असेल तर ‘फ्युसो’ घ्या. तिचे कंद लांबट आणि गुळगुळीत असतात, आल्यासारखी बोटं फुटलेली नसतात. लावताना कोंबडीच्या अंड्याएवढा, साधारण पन्नास-साठ ग्रॅमचा तुकडा घ्या, त्याला दोन-तीन डोळे असावेत, आणि चार इंच खोल लावा. उरलेली बारीक चिल्लर बेणं म्हणून ठेवण्याचा मोह टाळा. चांगल्या बेण्याला चांगली जागा मिळाली तर एका झाडाखाली दीड-दोन किलो निघायला काही हरकत नसते.

उपटलं तरी परत येतं

हे झाड इथलंच आहे हे आपण विसरतो. टोमॅटो, मिरची, बटाटा दक्षिणेकडून आले. सनचोक उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातलं. इथले मूळ रहिवासी युरोपीय यायच्या आधीपासून ते लावत होते. सॅम्युएल द शांप्लेननं १६०५ मध्ये केप कॉडच्या परिसरात त्यांच्या शेतात ते पाहिलं आणि चव आर्टिचोकसारखी लागते असं नोंदवलं. इथल्या हिवाळ्यात जमीन गोठते, कंद मरत नाही. तेव्हा ‘थंडीनं जाईल’ ही आशा सोडून द्या. युरोपात नेल्यावर ते नदीकाठांवर इतकं पसरलं की तिकडच्या काही देशांत त्याची गणना उपद्रवी वनस्पतींत होते.

बहुतेक जण दोन वेळा ते काढायला जातात: हिवाळ्याच्या तोंडाशी सगळं खणून, किंवा एप्रिलमध्ये कोंब दिसले की खुरप्यानं. दोन्ही वेळा हार ठरलेली. हिवाळ्यात कितीही चाळून खणलं तरी सुपारीएवढा एखादा तुकडा राहतोच, आणि त्याला एक डोळा असला तरी पुरतं. एप्रिलमध्ये कोंब तोडला तर खालच्या कंदात साठा भरपूर असतो. दहा दिवसांत दुसरा कोंब येतो. आणि कुणी रोटोटिलर, म्हणजे माती उलटणारं यंत्र, फिरवला तर एका कंदाचे दहा तुकडे होऊन वाफाभर पेरले जातात.

खरी संधी जूनच्या उत्तरार्धात असते. तेव्हा एक झाड हळू ओढून बघाच. खाली गेल्या वर्षीचा कंद लागेल: तपकिरी, सुरकुतलेला, बोटांत दाबला की चपटा होणारा रिकामा कोश. त्यात होतं ते सगळं झाड उभं करण्यात खर्च झालेलं असतं. बाजूला नव्या पांढऱ्या दांड्या निघालेल्या दिसतील, बोटभर लांब, टोक अणकुचीदार, फुगवटा अजून नाही. जुना साठा संपलेला आणि नवा सुरू न झालेला, असा हा वर्षातला एकच काळ. या वेळी ओलसर मातीतून झाड दांड्यांसकट उपटा. जे तुटेल ते जमिनीलगत कापा, आणि फुटवा आला की दर दोन आठवड्यांनी पुन्हा कापा, सप्टेंबर येईपर्यंत. पानं वाढू दिली नाहीत तर नवा कंद भरायला त्याच्याकडे काहीच नसतं. पुढच्या वर्षी तुरळक दोन-चार उगवतील, त्यांनाही जूनमध्येच गाठा. एवढं नेमानं केलं की तणनाशकाची गरज पडत नाही, आणि ज्या मातीत पुढच्या वर्षी कोथिंबीर लावायची तिथं ते मारावं असं मला वाटतही नाही.

ज्या कोंबांना वाचवायचं आहे त्यांची हद्द आधी आखा. दांड्या सहसा वरच्या फूटभर मातीतच धावतात. म्हणून दोन फूट खोल जाड प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा आडोसा पुरला आणि वर दोन इंच कड ठेवली तर त्या अडतात. ज्यांच्याकडे जागा कमी आहे किंवा घर भाड्याचं आहे त्यांनी पंधरा-वीस गॅलनचा टब घ्यावा, तळाला भोकं पाडावीत, आणि टब मातीवर न ठेवता डेकवर किंवा फरशीवर ठेवावा. मातीवर ठेवलात तर भोकांतून दांड्या खाली उतरतील. टबचा मोठा फायदा असा की नोव्हेंबरात तो ताडपत्रीवर उलटा करायचा, कंद वेचायचे, माती पुन्हा भरायची. काही राहण्याचा प्रश्नच नाही.

सोलताना निघालेली टोकं आणि खराब कंद घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका. बॅकयार्डातला ढीग कंद मरावा एवढा तापत नाही. नको त्या वाफ्यात सनचोक उगवण्याची कितीतरी प्रकरणं या कंपोस्टच्या बादलीतून सुरू झालेली असतात. उकळत्या पाण्यातून काढून टाका, किंवा सरळ कचऱ्यात.

पोटाचं काय

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन गुडयर नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाकडे १६१७ मध्ये दोन छोटे कंद आले, त्यानं ते लावले, भरघोस पीक घेतलं आणि नंतर लिहून ठेवलं की कसेही शिजवा, पोटात दुर्गंधी वायू होतो आणि कळ येते. हे माणसांपेक्षा डुकरांना बरं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये बटाटा दुर्मीळ झाला आणि लोकांना हाच कंद खाऊन दिवस काढावे लागले. युद्धानंतर कितीतरी घरांत तो पुन्हा शिजला नाही.

कारण सरळ आहे. बटाट्यात स्टार्च असतो, सनचोकमध्ये त्याच्या जागी इन्युलिन. फ्रुक्टोजच्या कणांची ही लांब साखळी तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. ती न पचता मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जीवाणू तिच्यावर तुटून पडतात. त्यातल्या काही जीवाणूंना ते मानवतं, आपल्यालाही थोड्या प्रमाणात चांगलं असतं; पण वायू होणारच. ताज्या कंदाच्या वजनात सहज पंधरा टक्क्यांच्या आसपास इन्युलिन असू शकतं. म्हणजे मोठी वाटीभर भाजी खाल्ली की वीस-पंचवीस ग्रॅम एकदम पोटात. सवय नसलेल्या पोटाला हे फार झालं.

इथंही महिन्याला महत्त्व आहे. नोव्हेंबरात काढलेल्या कंदात साखळ्या सर्वांत लांब आणि साठा सर्वांत जास्त. जमीन थंड राहते तशा त्या साखळ्या तुटत जातात, फ्रुक्टोज आणि साखर वाढते, कंद गोड होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर काढलेला कंद कच्चा चावून पाहा, नोव्हेंबरातल्याशी ताडून पाहा, हा फरक जिभेला लगेच कळतो. बऱ्याच जणांना तो पोटालाही हलका जातो. आखूड साखळ्याही आतड्यात आंबतातच, त्यामुळे त्रास शून्य होत नाही; तरी पहिल्यांदा खाणार असाल तर मार्चमध्ये सुरुवात करा.

स्वयंपाकात करण्यासारखं बरंच आहे. इन्युलिन गरम पाण्यात विरघळतं. म्हणून पातळ चकत्या करून भरपूर पाण्यात, लिंबू पिळून, पंधरा मिनिटं उकळा आणि ते पाणी ओतून द्या. आपल्या हाताला भाजीचं पाणी टाकणं पटत नाही, पण इथं ते रश्शात घातलंत तर सगळी मेहनत वाया. लिंबाचे दोन फायदे: आम्ल आणि उष्णता मिळून काही साखळ्या तोडतात, आणि चकत्या टणक राहतात. लिंबाशिवाय उकळलं तर सनचोक बराच वेळ कडक राहतं आणि मग अचानक लगदा होतं. उकळलेल्या चकत्या निथळून कोरड्या केल्या की मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरचीच्या फोडणीवर परतून काचऱ्यासारख्या करा, कडा तांबूस होईपर्यंत. शेवटी किंचित आमसूल. सनचोकला स्वतःचा खमंगपणा आहे, भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारा. गोडा मसाला घातला तर तो दबतो. हिंग-ओव्यानं पोटाला आराम वाटतो, जरूर घाला. इन्युलिन मात्र त्यानं तुटत नाही, तेव्हा हिंगाच्या भरवशावर उकळणं टाळू नका.

दुसरा चांगला मार्ग आंबवण्याचा. साउथ कॅरोलायनाकडे याचं लोणचं-रेलिश घरोघर करतात. आपल्या पद्धतीनं करायचं तर चकत्या, लिटरभर पाण्याला पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, चमचाभर मोहरीची पूड, आल्याचे तुकडे, दोन हिरव्या मिरच्या. चकत्या पाण्याखाली दाबून बरणी ओट्यावर ठेवा. चार-पाच दिवसांत बुडबुडे येतात, दोन आठवड्यांत छान आंबट होतं. जीवाणूंनी आपल्या आधीच काही भाग खाल्लेला असतो. तेलाच्या कैरीच्या लोणच्यासारखं घातलं तर चव येईल, हा फायदा तेवढा मिळणार नाही.

प्रमाण सांभाळा. पहिल्या वेळी दोन चमचे, पुढच्या आठवड्यात चार. कच्चं सॅलड शेवटी. ज्यांना आतड्यांचा जुना त्रास आहे, कांदा-लसणानंही पोट फुगतं, त्यांनी हा कंद टाळलेलाच बरा, कारण कांद्या-लसणातही याच जातीच्या साखळ्या आहेत. उपवासाला चालतं का, असं हमखास विचारलं जातं. काय चालतं ते ज्याच्या त्याच्या घरची रीत ठरवते. पण रिकाम्या पोटी आणि दिवसभरात दुसरं काही नसताना हा कंद खाणं म्हणजे त्रासाला आमंत्रण. एकादशीला रताळंच बरं. आणि मधुमेहावरचं औषध म्हणून कंद खाणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: यात स्टार्च नसल्यानं साखर बटाट्याइतकी चढत नाही, एवढंच खरं. साठवलेल्या कंदात साखर वाढलेलीही असते. चालू औषधं याच्या जोरावर कमी करू नका.

साठवण आणि इतर

कंद आठवड्यात मऊ पडतात, कारण त्यांची साल बटाट्यासारखी जाड नसते आणि त्यातलं पाणी भराभर उडतं. धुवून फ्रिजमध्ये उघडे ठेवले की संपलंच. माती न धुता, ओलसर पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवा, दोन-तीन आठवडे टिकतात. मऊ पडलेले थंड पाण्यात दोन-तीन तास ठेवले की बऱ्यापैकी ताठ होतात. पण खरं कोठार जमीनच. वर फूटभर सुक्या पानांचं आच्छादन घाला, म्हणजे माती गोठत नाही, आणि लागतील तसे खणा. मार्चअखेर डोळे फुटायच्या आत उरलेले काढून घ्या.

आच्छादनाखाली व्होल उंदीर घर करतात, हा त्यातला तोटा. कंदावर दोन-दोन बारीक दातांच्या समांतर खुणा आणि मातीत अंगठ्याएवढी बिळं दिसली तर तेच. विष टाकू नका, ते उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या पोटात जातं. पुढच्या लावणीला वाफ्याच्या तळाला आणि बाजूंना पाव इंची तारेची जाळी बसवा, किंवा ज्या वर्षी उपद्रव जास्त त्या वर्षी सगळं पीक डिसेंबरातच काढा. हरणं आणि ग्राउंडहॉग कोवळे शेंडे खातात. जूनपर्यंत कुंपण राखलं तर पुढे झाड त्यांना पुरून उरतं.

ऑगस्टअखेर पानांवर पांढरी भुरी येते. दिसायला वाईट, पण इतक्या उशिरा आल्यानं नुकसान थोडं. विरळणी केली असेल तर हवा खेळते आणि ती आटोक्यात राहते. फवारणीच्या मागे लागू नका.

घाबरायचं ते पांढऱ्या बुरशीला, स्क्लेरोटिनियाला. हिरव्यागार ओळीत एकच झाड भर उन्हाळ्यात अचानक मान टाकतं. पाणी देऊनही उठत नाही. बुंध्याशी कापसासारखी पांढरी बुरशी असते, आणि खोड उभं चिरलं तर आत काळे, कडक, मोहरीपासून पावट्यापर्यंतच्या आकाराचे दाणे सापडतात. हे दाणे मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात, आणि घेवडा, गाजर, लेट्यूस, कोबी, टोमॅटो यांनाही पुढे तीच बुरशी धरते. झाड दिसताक्षणी आजूबाजूच्या मातीसकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नाही. त्या जागी पुढची काही वर्षं मका किंवा कांदा-लसूण लावा. तिथले कंद वरून चांगले दिसले तरी बेण्याला वापरू नका. साठवणीत ते आतून सडतात आणि शेजारच्यांनाही घेऊन जातात.

पुण्याला चार कंद नेऊ का?

हेही दर सुट्टीच्या आधी विचारलं जातं. नेऊ नका. भारतात लागवडीचे कंद, बेणं आणायला वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत लपवून नेलेल्या कंदाबरोबर वर सांगितलेली बुरशीही जाऊ शकते, आणि ती सूर्यफूल, हरभऱ्यालाही सोडत नाही. तिकडे रीतसर मिळालेलं बेणं असेल तर वेळापत्रक इथलं वापरू नका. महाराष्ट्रात जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. जी झाडं दिवस लहान झाल्यावर कंद धरतात, त्यांना तिथं ‘आता थांब आणि भर’ हा इशारा पहिल्या दिवसापासून मिळतो, आणि अंगानं वाढायच्या आतच ती कंदाच्या मागे लागतात. तेव्हा दिवस मोठे होत असतानाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्याची सोय बघून लावणी करावी, आणि पावसाळ्यात मुळाशी पाणी साचणार नाही असा उंच वाफा घ्यावा. चिकट काळ्या मातीत साचलेल्या पाण्यात हा कंद थंडीपेक्षा लवकर हरतो.